म्हातारी भुंकली नाही

४ फेब्रुवारी

आई,

फोन केला की ताई उचलतात आणि सांगतात, ‘आई झोपलीय.’ सकाळी केला तरी झोपलेल्या, दुपारी केला तरी झोपलेल्या. या घरात मी तुम्हाला दिवसा कधी आडव्या झालेल्या पाहिलं नाही. लेकीकडे गेल्यावर एवढी झोप कुठून आली? असो. पत्राला ‘झोपलीय’ सांगता येत नाही, म्हणून पत्र.

माझ्याविषयी काही लिहिणार नाही, घाबरू नका. फक्त म्हातारीविषयी लिहिणार आहे.

ती नीट जेवत नाही. तुम्ही गेल्यापासून दाराशी बसते. जिन्यात चप्पल वाजली की कान टवकारते. चप्पल तुमची नाही असं कळलं की आधी भरपूर भुंकून घेते आणि मग पुन्हा पंजांवर हनुवटी टेकते. भाताला तोंड लावत नाही. उकडलेलं चिकन हातानं भरवलं तर दोन घास घेते, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे.

परवा मी ताईंना फोनवर सांगत होते, ‘म्हातारी जेवत नाही हो, कोपऱ्यात तोंड घालून बसते.’ ते वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी ऐकलं. संध्याकाळी वाडगंभर सूप घेऊन दारात हजर. ‘सासूबाई कुठल्या खोलीत आहेत?’ मी पलंगाखाली बोट दाखवलं. बाई दोन पावलं मागे सरल्या. मग सगळं सांगावं लागलं. म्हातारी म्हणजे कुत्री. ह्यांनी पिल्लू असताना आणली तेव्हा वाऱ्यावर उडणाऱ्या सावरीच्या म्हातारीसारखी दिसायची, नुसता पांढरा कापूस, म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, आणि ती आता वयानं खरोखरची म्हातारी झालीय. बाई एवढ्या ओशाळल्या की सूप तसंच ठेवून गेल्या. म्हातारीनं ते हुंगून सोडलं. मी प्यायले. मीठ कमी होतं.

हसलात का? हसला असाल तर ताईंना सांगा, त्या मला सांगतील.

तुम्ही कापून ठेवलेले वकिलांचे कोट शिवून संपत आले. पुढचे कापायला घेतले की खडू हातात तसाच राहतो. त्यात तिचे केस गळायचा मोसम. खालची लोकर झुपक्या-झुपक्यांनी निघतेय. काळं कापड आणि पांढरी कुत्री एका खोलीत ठेवायची कल्पना ह्यांचीच, त्यांना काय, निस्तरतोय आपण. काल ट्रायलला आलेल्या वकिलांच्या पाठीवर एवढे केस होते की ते म्हणाले, ‘बाई, हा कोट थंडीतला आहे का?’

तिचा दाट दातांचा ब्रश कुठे ठेवलात तेवढं कळवा.

तुमची सून

१३ फेब्रुवारी

आई,

पहिलं पत्र पोचलं म्हणे. ताई म्हणाल्या, ‘आईनं चष्म्याच्या घरात ठेवलंय.’ वाचून ठेवलंय की नुसतंच ठेवलंय, ते त्यांनाही ठाऊक नाही.

ब्रश सापडला, तुमच्या टेपच्या डब्यात. रोज विंचरते. तुमच्यासारखे कानामागचे गुंते बोटांनी सोडवता येत नाहीत, ती गुरगुरते. एवढे केस बघून वैतागले आणि तिला त्या नव्या दुकानात घेऊन गेले, कुत्र्यांना आंघोळ घालतात त्या. तिथला माणूस म्हणाला, ‘उन्हाळा येतोय, सगळे उतरवून टाकू, मोकळी होईल.’ मशीन हातात घेतलीसुद्धा त्यानं. तुमचं बोलणं आठवलं, की वरचे केस ऊन अडवतात आणि खालची लोकर थंडी, दोन्ही एकदा उतरवले की पुन्हा तसे येतील याचा भरवसा नाही. तिला काखेत मारून बाहेर पडले. तो मागून ओरडत होता, ‘अहो, निम्म्या पैशात करतो!’

बटणवाले येऊन गेले. कामासाठीच आले होते, अस्तर आणि कोटाची मोठी बटणं घेऊन. म्हातारीनं नेहमीप्रमाणे त्यांचा घोटा धरला. ‘चावली नाही, नुसती चौकशी केली,’ असं म्हणून त्यांनी मोजा वर ओढला, पण मोज्याला भोक पडलेलं मी पाहिलं. किती वर्षं हा माणूस दर आठवड्याला येतोय, तिच्या लेखी अजून चोरच. तुम्ही म्हणायचात, ही जातच अशी, माणसं लहानपणीच मोजून घेते. घरातले एवढे, बाकीचे सगळे बाहेरचे. नंतर कुणी आलं तर मोजणी पुन्हा होत नाही.

ह्यांच्या खुर्चीवर ते कधी बसत नाहीत, तुम्हीही पाहिलंय. त्या दिवशीही बसले नाहीत. उभ्या-उभ्या चहा घेतला आणि गेले.

बघा, माझ्याविषयी लिहिणार नाही म्हटलं होतं.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. मी सांगितलं तेव्हा तुम्ही बाही कापत होतात. ‘बटणवाल्यांशी लग्न करायचं ठरवलंय,’ एवढंच मी बोलले. तुम्ही बाही पुरी कापलीत, हातावरचा खडू झटकलात आणि म्हणालात, ‘बरं.’ त्याच आठवड्यात ताईंकडे निघालात, नातवाची परीक्षा आहे म्हणून. नातू पहिलीत आहे, आई.

त्या ‘बरं’चं मी काय करू? शिवताना ते डोक्यात फिरतं. रागाचं आहे म्हणावं तर आवाज चढला नव्हता, राजीखुशीचं म्हणावं तर बॅग भरली होतीत. एका जागी बसवत नाही मला. मशीनवरून उठते, दारापर्यंत जाते, परत येते. म्हातारी माझ्या मागे दारापर्यंत येते आणि परत येते. दोघींना बघून कुणी म्हणेल, या काय गस्त घालतायत.

ती सारखी खोकते, गळ्यात हाड अडकल्यासारखी. पट्टा ओढला की जास्त. बहुतेक भुंकून भुंकून घसा बसलाय.

तुमची सून

२४ फेब्रुवारी

आई,

आज मुद्दाम काम बाजूला ठेवून लिहायला बसलेय. आज बटणवाले आले आणि म्हातारी भुंकली नाही.

खरं सांगते. ते सवयीनं एक पाय दाराबाहेर ठेवूनच उभे राहिले. ती पलंगाखाली होती. डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. ते हळूहळू आत आले, खाली बसले, हात पुढे केला. तरी नाही. मला म्हणाले, ‘हिला बरं नाही का?’ मी म्हटलं, ‘अहो, ओळखलं तिनं तुम्हाला अखेर.’ त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून त्यांना पटलं नसावं. मी मात्र अशी खूश झाले की हातातल्या काजाचा दोरा उसवून गेला.

कुणी शिकवलं नाही, कुणी समजावलं नाही, तिचं तिलाच कळलं. एवढ्या हट्टी जिवाला जर कळतं, तर. पुढचं वाक्य लिहीत नाही, तुम्ही वाचून घ्याल.

खाणं आता जवळजवळ बंदच आहे. पाणी मात्र फार पिते. वाडगं भरून ठेवावं, मशीनवर बसावं, परत बघावं तर तळ दिसतो. ऊन वाढलंय, अंगावर हा एवढा कोट, तहान लागणारच. खिडकीखाली ओलं फडकं घालून देते, त्यावर पडते, उठते, दुसरीकडे जाऊन पडते. एक जागा तिला पुरत नाही. दोनदा घरात फरशी ओली केली. पिल्लू होती तेव्हाही असं केलं नव्हतं. मी रागावले तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळे एकच सांगतात, ती तुमच्यासाठी झुरतेय. एका माणसावर जीव टाकणारी जात, ते माणूस गेलं की अशीच खंगते म्हणे. तुम्ही एकदा येऊन तिला तोंड दाखवून जा. माझ्यासाठी येऊ नका. पण तिनं तुमचं काय वाईट केलंय? ती इथे दाराकडे बघत जीव सोडेल आणि तुम्ही तिकडेच असाल, हे तुम्हाला चालणार आहे का?

कडक लिहिलंय, मला माहीत आहे. खोडत नाही.

तुमची सून

३ मार्च, जनावरांच्या दवाखान्यातून

आई,

हा कागद बटणवाल्यांच्या पावतीपुस्तकातला आहे, मागची बाजू कोरी होती. तुम्ही आता बसमध्ये असाल. पोचलात की हे तुमच्या हातातच देईन. आत ऑपरेशन चाललंय आणि मला हात रिकामे ठेवता येत नाहीत. शिवायला काही नाही, म्हणून लिहितेय.

फोनवर काय बोलले ते मला धड आठवत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

सकाळी बटणवाले आले तेव्हा ती कुशीवर पडली होती. पोट टम्म. मी म्हटलं, ‘खात नाही तर पोट कसं वाढलं?’ त्यांनी पिशवी खाली टाकली, वाकले आणि तिला सरळ उचललं. तिचं तोंड त्यांच्या मनगटाशी होतं. दात मनगटापासून बोटभर लांब. एरवी तिनं त्या मनगटाचं काय केलं असतं! आणि ती काही करेना. ओठसुद्धा वर उचलला नाही. तेव्हा मला कळलं, आई. त्या दिवशी ती भुंकली नाही ते ओळख पटली म्हणून नव्हे. भुंकायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. आणि मी तुम्हाला पान भरून आनंद कळवला.

रिक्षात ते तिला धरून बसले होते. मी वारा घालत होते, त्यांच्याच कॅटलॉगनं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला अगदी तुमच्या वळणाच्या. पोटाला हात लावला, हिरड्या बघितल्या, मशीन लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘गर्भाशयात पू झालाय. तोंड बंद आहे म्हणून बाहेर काही दिसलं नाही. अलीकडे माजावर येऊन गेली होती?’ मी म्हटलं, ‘हो, दीडेक महिना झाला असेल.’ म्हणाल्या, ‘त्यानंतरच होतं हे. वय झालेल्या, पिल्लं बंद करायचं ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला. का नव्हतं केलं?’

मी म्हटलं, ‘सासूबाईंना नको होतं.’

खरं तेच आहे. तुम्हीच म्हणायचात, धडधाकट जिवाला कशाला कापायचं. पण मी ते असं खांदे उडवून सांगायला नको होतं. तिथं तुम्ही नव्हतात. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाणी जास्त पितेय हे कधीपासून बघताय?’ तेव्हा मला खांदे उडवायला जागा उरली नाही.

मी म्हटलं, ‘मला वाटलं, आठवणीनं खात नाही.’ त्या म्हणाल्या, ‘आठवण आली तर कुत्रं एखाद-दोन दिवस कमी जेवतं. आठवणीनं पोट फुगत नाही.’

सगळं माझ्यासमोर होतं. पाणी, ओली फरशी, जागा बदलत राहणं. एकेक गोष्ट मी बघितली आणि नीट पत्रात लिहिली, तुम्हाला टोचेल अशी. तिचं दुखणं मी तुम्हाला बोलवायला वापरत होते. तुम्हाला लिहिताना तिच्याकडे बघायचंच राहिलं.

मग ताईंना फोन केला. त्यांनी नेहमीसारखं ‘आई झोपलीय’ म्हटलं. मी म्हटलं, ‘उठवा.’ त्या घाबरल्याच असाव्यात. तुम्ही फोनवर आलात. मी काय काय बडबडले. ऑपरेशन केलं तर वाचेल याची खात्री नाही, वय आहे, श्वासनलिका नाजूक आहे, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, आणि नाही केलं तर मात्र खात्रीनं जाणार. तुम्ही सगळं ऐकून म्हणालात, ‘कापू दे. मी निघते.’ एवढंच. ते मात्र मला शब्दन् शब्द आठवतंय.

बाक रिकामं आहे, तरी बटणवाले उभेच आहेत. थोड्या वेळापूर्वी म्हणाले, ‘मी जाऊ का? त्या येतील तेव्हा मी इथं नसलेलं बरं.’ मी म्हटलं, ‘बसा.’ एवढ्या जोरात की समोरची मांजरवाली बाई दचकली. बसले आहेत. शर्टावर सगळे पांढरे केस. मघापासून एकेक वेचतायत आणि खाली न टाकता मुठीत धरून ठेवतायत. दवाखान्याची फरशी घाण होईल म्हणून असेल.

खोकला घसा बसल्याचा नव्हता, हेही कळलं. या लहान चणीच्या कुत्र्यांची श्वासनलिका दाबली जाते म्हणे. गळ्यात पट्टा घालायचाच नाही, छातीभोवती घालायचा.

आतून काही आवाज नाही. मी दोनदा दाराशी जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आतला माणूस म्हणाला, ‘बाई, तुम्ही सारख्या आलात तर डॉक्टर घाई करतील.’ आता उठणार नाही.

उठलेच. दार उघडलंय. थांबा.

२१ मार्च

आई,

तुम्हाला बसमध्ये बसवून आले आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय.

आधी तिचं. टाक्याची जागा कोरडी आहे. खाते, आणि चमच्यानं नाही, तोंडानं खाते. तुम्ही पोटाखाली शिवून दिलेलं फडकं चाटून चाटून तिनं सोडवलं, दुसरं बांधलंय. तुम्ही गेलात त्या दिवशी ती दाराशी बसली, हे खरं. पण रात्रीचं जेवण जेवली. आता मी हे सगळं बघते आणि जसंच्या तसं लिहिते. त्यात तुमच्यासाठी काही लपवलेलं नाही.

काल बटणवाले आले. जिन्यात पाऊल वाजलं आणि ती पलंगाखालून अशी सुटली, फडकं एकीकडे, ती एकीकडे, आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत. ते दारात उभे राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. ‘चाव गं बाई, चाव,’ म्हणाले. चावली नाही. डॉक्टरीणबाईंनी उड्या मारू देऊ नका सांगितलंय म्हणून मी धावत जाऊन तिला धरलं, नाहीतर सोडलं नसतं तिनं.

आता दुसरं.

टाके काढून आल्यावर जिन्यात तुम्ही दम खायला थांबलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘तू जाणारच होतीस. तू गेल्यावर रिकाम्या खोलीत बसायचं, त्यापेक्षा भरल्या घरातून आपणच उठावं, एवढंच माझं होतं. राग नव्हता.’ मी म्हातारीला सावरून धरलं आणि तोंड फिरवून पुढे चढले. तुम्हाला वाटलं असेल, मी रडतेय म्हणून. तसं नव्हतं. तुम्ही बोललात ते खरं होतं.

मी जाणार होते, आई. त्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. खिडकीला कुठला पडदा लावायचा, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. तुमचं काय, हा विचार मी रोज करायला घ्यायचे आणि रोज अर्धाच सोडायचे. तुम्ही ‘बरं’ म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं, आणि आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. ते लपवायला मी तुम्हाला एवढी पत्रं लिहिली की काय, कुणास ठाऊक.

आणि तुम्ही दवाखान्यात त्यांना काय म्हणालात ते त्यांनी मला परवा सांगितलं. मी औषध आणायला गेले होते तेव्हाचं. तुम्ही बराच वेळ त्यांच्या शर्टाकडे बघत होतात म्हणे, आणि मग म्हणालात, ‘काखेत उसवलाय. हिला दिसत नाही का?’ ते म्हणाले, ‘मी दाखवला नाही.’ त्यावर तुम्ही तोंड फिरवलंत. ते मला विचारत होते, ‘याचा अर्थ काय?’ मी म्हटलं, मला तरी काय माहीत, मी अजून ‘बरं’चाच अर्थ शोधतेय.

मी जाणार आहे. खोटं लिहून तुम्हाला परत आणायचं नाही. पण दुकान इथून बसनं दोनच थांबे आहे, आणि मशीन मी हलवणार नाही. घर तुमचं आहे, म्हातारीही तुमचीच. तुम्ही परत आलात तर मी सकाळी येईन आणि संध्याकाळी जाईन. तुम्ही कापाल, मी शिवेन. मला कापता येत नाही, हे आता सगळ्या वकिलांना कळलंय. एकाची डावी बाही उजवीपेक्षा लांब झाली. तो म्हणाला, ‘चालेल, घड्याळ झाकेल.’

त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, विचारलं नाही. आता विचारते. मी लग्न करू का? नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मी तरीही करीन, पण मग त्यात जीव लागणार नाही माझा.

हे पत्र चष्म्याच्या घरात ठेवू नका.

तुमची सून (अजून तरी)

२९ एप्रिल

चि. सूनबाईस,

फोनवर मला ओरडून बोलावं लागतं आणि वरच्या मजल्यावरची ती सूपवाली ऐकत असते. म्हणून लिहितेय. पत्ता तुझ्या जुन्या नणंदेनं, आपल्या ताईनं दिला. नव्या नणंदेकडे नीट राहा, आठ दिवस गेलीयेस तर आठ दिवस राहा, मधेच पळून येऊ नकोस. कोट इथे पळून जात नाहीत.

तुझ्या त्या मोठ्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. बॅग घेऊन आले, तेच उत्तर. तुला तेही कळलं नाही, विचारत बसलीस, ‘किती दिवसांसाठी आलात?’ मी तुला बोलून दाखवायला हवं होतं, हे मान्य. ह्या घरात सगळ्यांनाच न बोलता समजून घ्यायची हौस, आणि समजतं कुणालाच नाही. कुत्रीचं दुखणं ओळखता आलं नाही म्हणून तू रडतेस. डॉक्टर सांगत असूनही मी तिला वर्षानुवर्षं तशीच परत आणली, कापू नका, कापू नका करत. त्याचं काय? तू पाणी बघितलं नाहीस, मी त्याच्या आधीचं सगळं बघितलं नाही. अर्धं-अर्धं वाटून घेऊ. आता हा विषय पुरे.

म्हातारी ठीक आहे. वजन वाढतंय. डॉक्टरीण म्हणाली ऑपरेशननंतर या जातीची कुत्री लवकर सुटतात, तुकडे देऊ नका. मी देत नाही. सूपवाली देते. दातांवर कीटण चढलंय, ते पुढच्या महिन्यात साफ करायचं. छातीचा पट्टा बाजारातला घट्ट होता, अस्तराच्या कापडाचा मी शिवला, आत कापूस घालून. रस्त्यात लोक विचारतात कुठे मिळाला. तिला सकाळी ऊन चढायच्या आत नेते. खोकला कमी आहे. भुंकणं कमी नाही. माझ्यावरसुद्धा भुंकली एकदा, नवा चष्मा लावला तेव्हा.

तुझा नवरा तिथे जाताना तिच्यासाठी दुकानातून गुळगुळीत बटणांची पिशवी देऊन गेला, खेळायला. त्याला सांग, कुत्री बटणं गिळतात. पिशवीतली बटणं मी कोटांना वापरीन. माणूस बरा आहे, पण कुत्र्यांतलं काही कळत नाही. शर्ट नीट शिवून देत जा.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. नोंदणीच्या कचेरीत तू म्हातारीला पाणी पाजायला खाली गेली होतीस तेव्हाची. तिला एकटी घरी ठेवली असती तर दार खाल्लं असतं तिनं, म्हणून आणली, आणि तुझी सही झाली तोवर ती तिथल्या सगळ्यांवर भुंकून भुंकून धापा टाकायला लागली. तू खाली गेलीस. साक्षीदाराच्या सहीसाठी कारकुनानं मला पुढे बोलावलं. चांगला माणूस होता, पण कागदातलं अक्षरन् अक्षर वाचणारा. म्हणाला, ‘आजी, आपण नवरीच्या कोण?’

मी म्हटलं, ‘सासू.’

तो म्हणाला, ‘म्हणजे नवऱ्याच्या आई. मग वराकडून सही करा.’

मी म्हटलं, ‘नवऱ्याचीच आई. पण ह्या नवऱ्याची नव्हे.’

त्यानं पेन ठेवलं. तुझ्या नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुझा नवरा भिंतीकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. माझ्या मागे रांगेत उभी असलेली मुलगी फिसकन हसली आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं तिला कोपर मारलं. कारकून हळू आवाजात म्हणाला, ‘मुलगा...?’ मी म्हटलं, ‘गेला. पाच वर्षं झाली.’ मग त्याचं त्यालाच काय वाटलं, खुर्चीतून उठला आणि मला ती खुर्ची दिली. सही करायला पेन पुढे केलं आणि म्हणाला, ‘आजी, राग मानू नका, विचारावं लागतं. तुमची काही हरकत नाही ना या लग्नाला?’

मी म्हटलं, ‘बाळ, हरकत असती तर हे गुडघे घेऊन दोन जिने चढले असते का?’

तुझी,
सासू